फंडाची घाई करू नकोस
पंचविशीत स्वतःचा हेज फंड (श्रीमंत गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन बाजारात सौदे करणारा फंड) काढायचा म्हणतोस, तर आधी गणिताच्या जोरावर सौदे करून नाव कमावलेले अमेरिकी फंडचालक जिम सायमन्स यांची सुरुवात नीट बघ. २३व्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून गणितात पीएचडी. पुढे अमेरिकी सरकारसाठी सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम. व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला म्हणून ती नोकरी गेली. (मला हा माणूस इथेच भावला.) १९६८ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख. बाजारात पूर्णवेळ उतरले ते चाळिशीला, १९७८ मध्ये. तरी पहिली वर्षं सौदे बरेचसे अंदाजावरच चालले. त्यांचा मेडॅलियन हा हेज फंड आला १९८८ मध्ये आणि पुढच्याच वर्षी त्याला जबर फटका बसला. तेव्हा सौदे थांबवून त्यांनी पद्धतच नव्याने बांधली. तू सध्या संख्याशास्त्र पक्कं कर, जुन्या बाजारभावांचा डेटा स्वतः साफ करायला शीक. लोकांचे पैसे इतक्यात घेऊ नकोस.