आमची वाडी जनगणनेच्या यादीत का सापडत नाही? आकडे नेमके कुठपर्यंत खाली मिळतात?

वाडी त्या नावाने बहुधा सापडणार नाही. जनगणनेत गाव म्हणजे महसुली गाव. वाडी, पाडा, वस्ती यांची माणसं त्या गावाच्या एकूण आकड्यात मिळवलेली असतात. तुमच्या घरातला कुणाचाही सातबारा काढा, वर 'गाव' म्हणून जे नाव छापलंय ते यादीत शोधा. ग्रामपंचायतीच्या नावावर जाऊ नका. गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यात दोन-तीन महसुली गावं असतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो.

क्रम असा: देश, राज्य, जिल्हा, तालुका आणि त्याखाली गाव किंवा शहर. शहराचे पुढे वॉर्ड पडतात. प्रगणक ज्या गटात घरोघर फिरतो तो याहून लहान, साधारण १२० ते १५० कुटुंबांचा. पण त्याचे आकडे छापत नाहीत. अगदी लहान गटाचा तपशील उघड केला तर माणूस ओळखू येईल, आणि १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय आहे. मला हे बंधन अगदी योग्य वाटतं.

याच कारणाने खाली उतराल तसा तपशील आटत जातो. गावपातळीवर घरं, स्त्री-पुरुष, साक्षर, अनुसूचित जाती-जमाती, काम करणारे एवढं मिळतं. वयाचं म्हणाल तर ० ते ६ वर्षांची मुलं तेवढी वेगळी दाखवलेली असतात. धर्माचे आकडे गावांसाठी तालुक्यापर्यंतच येतात. शाळेसाठी १० ते १४ वयाची मुलं हवी असतील, तर जिल्ह्याच्या तक्त्यावरून अंदाज बांधावा लागतो.

जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करताना मात्र सगळ्यात जास्त सांभाळा. २०११ च्या तक्त्यांत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर आहे, कारण तेव्हा त्यात १५ तालुके होते. १ ऑगस्ट २०१४ ला वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा असे ८ तालुके पालघरमध्ये गेले. आजच्या ठाण्यासाठी तो आकडा वापरलात तर सगळं गणित चुकेल. उरलेल्या ७ तालुक्यांची बेरीज तुम्हालाच करावी लागेल.

आणि गाव सापडलं की त्याचा सहा अंकी कोड लगेच वहीत उतरवा. खुर्द-बुद्रुक आणि इंग्रजी स्पेलिंगच्या गोंधळात नावापेक्षा तो कोडच कामाला येतो.