डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, योगाने फरक पडेल का? नाशिकमध्ये सुरुवात कशी करू?

पडतो, पण गोळ्यांच्या जोडीने. ‘योग सुरू केलास ना, मग गोळ्या सोड’ म्हणणारे काका नाशिकमध्ये गल्लोगल्ली भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार. डोस डॉक्टरच कमी करतील.

सकाळी उठवतच नसेल तर १२ सूर्यनमस्कारांचा हट्ट नको. पलंगावर बसूनच भ्रामरी करा: नाकाने श्वास घ्या, सोडताना भुंग्यासारखा गुंजारव, जमेल तितका लांब. उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. शवासनात डोळे मिटताच विचारांचं चक्र सुरू झालं, तर डोळे उघडेच ठेवा. बायपोलर (मूड कधी खूप चढतो, कधी खूप पडतो, तो आजार) असेल तर कपालभाती, भस्त्रिका डॉक्टरांना विचारूनच.

थोडी उभारी आली की गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर जा. चार माणसं तरी दिसतात. जीव नकोसा वाटला तर थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतही.