तात्पुरतं म्हणजे किती दिवस?

अरे,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला, मग परत दोनदा वाचला. सूर्यप्रकाश थोडा परतवून पृथ्वी थंड करायला आकाशात उंचावर सल्फर फवारायचं, त्या फवारणीच्या कॉम्प्युटर मॉडेलवर काम करायची ऑफर घेतली तर शत्रूच्या गोटात गेल्यासारखं वाटतं आणि नाही घेतली तर पळ काढल्यासारखं, असं म्हणतोस. गोटबिट काही नसतं रे. तापमान का वाढतंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यात वेळ घालवत नाही. मी एकच विचारणार आणि पत्र संपेपर्यंत तेच विचारत राहणार, की फवारणी एकदा सुरू केली की थांबवायचं कसं?

होईल का, हा प्रश्नच नाहीये. होतं. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला, दीडेक कोटी टन सल्फर डायऑक्साइड ढगांच्याही वर, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये गेला आणि पुढचं वर्ष-दीड वर्ष पृथ्वी साधारण अर्धा डिग्री थंड झाली. फुकटात डेमो मिळाला. पण त्याच डेमोत ते कण दोनेक वर्षांत खालीही आले, आणि १९९२ मध्ये जगभर जमिनीवरचा पाऊस घटला, हे उत्साही मंडळी हळू आवाजात सांगतात. म्हणजे गारवा टिकवायचा तर दरवर्षी फवारत बसायचं, आणि खाली जो कार्बन डायऑक्साइड साठतोय तो शेकडो वर्षं हलत नाही, समुद्र आम्लधर्मी होत राहतो तो वेगळाच. मग कधी युद्ध झालं, पैसे संपले, सरकारं भांडली आणि विमानं उडालीच नाहीत तर दाबून ठेवलेली सगळी वाढ दहा-वीस वर्षांत अंगावर. याला टर्मिनेशन शॉक म्हणतात हे तुला पाठ आहे. माझ्या मात्र पोटात गोळा येतो, का ते सांगते.

नोकरीचं चौथं वर्ष. एका फर्नेसचा हाय टेंपरेचर ट्रिप, म्हणजे जास्त तापलं की आपोआप बंद करणारी सुरक्षा, दिवसातून दोनदा यायचा, प्लांट बंद, ऑर्डर अडकलेली. तापमान मोजणारा थर्मोकपल खराब होता, नवीन यायला वेळ होता, म्हणजे ट्रिप खोटाच होता, हे मी आजही म्हणते. मी पॅनेल उघडलं, दोन टर्मिनलमध्ये बोटभर लाल वायरचा जंपर टाकला, म्हणजे ट्रिपला बगल देणारा जोड, ट्रिप गप. वर पांढरी टेप लावून बॉलपेनने लिहिलं ‘तात्पुरतं, २ दिवस’. नऊ वर्षांनी भलत्याच कामासाठी तेच पॅनेल उघडलं तर टेप पिवळी पडलेली, अक्षर माझं. थर्मोकपल कधीच बदलला होता, जंपर तसाच. आणि ट्रिप येत नाही म्हणून मधल्या काळात लोड वाढवत नेलेला, आता जंपर काढला असता तर फर्नेस चाललीच नसती. त्याच्या दोन वर्षं आधी तिथे एका ऑपरेटरचा हात भाजला होता. चौकशीच्या कागदावर ‘ऑपरेटरची चूक’ या ओळीखाली माझी सही आहे.

म्हणून विचारते, थांबवायचं कसं. फवारणीने गरमी कळेनाशी झाली की कोळसा-तेलाचा लोड कोण कमी करणार आहे? १९६५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या सल्लागारांनी रिपोर्ट दिला, त्यात समुद्रावर परावर्तक कण पसरायची कल्पना होती, इंधन कमी जाळा हा उपाय नव्हता! जंपर आधी सुचतो, नेहमीच. एक तर आपण नकळत टाकूनही बसलो होतो, जहाजांच्या धुरातलं सल्फर. २०२० मध्ये इंधनातल्या सल्फरची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आणली, हवा सुधारली, आणि जहाजांमागे ढगांचे जे ऊन परतवणारे उजळ पट्टे उठायचे ते विरळ झाले. त्यामुळे झाकलेली गरमी नेमकी किती उघडी पडली यावर अजून वाद चालूये.

आता तू म्हणशील, मग मॅडम, संशोधनच नको का. हे मला चिडवायला विचारतोस. २०२१ मध्ये स्वीडनच्या किरुनाहून याच फवारणीच्या संशोधनासाठी हार्वर्डवाल्यांचा बलून उडणार होता, तिथल्या मूळनिवासी सामी लोकांनी विरोध केला, उड्डाण रद्द झालं, २०२४ मध्ये प्रोजेक्टच गुंडाळला. मी तेव्हा खूश झाले होते आणि तुझ्याशी भांडलेही होते. त्या उड्डाणात कण सोडणारच नव्हते, नुसती यंत्रं तपासायची होती, तू तेव्हाही हेच सांगत होतास आणि मी ऐकलं नाही. पण विचारल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर काही उडवायचं नाही, यावरून मी हलणार नाही, त्याला हट्ट म्हण हवं तर. पॉल क्रुट्झेनसारख्या ओझोनवर नोबेल मिळवलेल्या माणसाने २००६ मध्ये सल्फरवर लिहिलं तेव्हाही उत्सर्जन कमी करणं हाच बरा मार्ग असं त्याने स्पष्ट म्हटलं होतं, वैतागून लिहिलं होतं बिचाऱ्याने.

तेव्हा ऑफर घे. तुझ्यासारखा शंकेखोर आत नसेल तर आत फक्त खात्री असलेली माणसं उरतात, आणि मी त्या पॅनेलसमोर पूर्ण खात्रीने उभी होते. पहिल्याच मीटिंगमध्ये विचार की फवारणी बंद केल्यावर काय होतं ते दाखवणारा मॉडेलचा रन कुठेय. जिओएमआयपी म्हणून असे मॉडेल एकमेकांशी ताडून बघणारा प्रकल्प आहे, त्याचा जी२ प्रयोग आहे, ५० वर्षं सूर्यप्रकाश कमी करून तापमान धरून ठेवतात आणि मग झटक्यात सोडून देतात. तो दुसऱ्याचा पेपर वाचून सोडून देऊ नकोस, स्वतः चालव. कुणी म्हणालं की हे काय, थोड्याच काळापुरतं करायचंय, तर आकडा माग, वर्षं किती, आणि ती लिहून कोण देणार.

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय ना, आजच दे, रात्री दीडला जागत बसू नकोस. आणि जी२ झाला की ग्राफ पाठव, सोडून दिल्यानंतरची वर्षं मोठी करून, मला आता बारीक दिसत नाही.