विश्वासाने मागायचं म्हणजे मिळेलच असं मानायचं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. विश्वासानं प्रार्थना करायची म्हणजे 'मागितलं ते मिळणारच' असं मनाला पटवायचं का? आणि घरात एवढ्या अडचणी असताना देवाचे आभार मानले की ते तोंडदेखले वाटतात, मग मानायचे कसे?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो : नाही. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं पालथं पडून विनवलं, हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, माझ्यापासून टळून जावो. आणि त्याच श्वासात म्हणाला, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला टळला नाही. मग त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायचं का? त्याचा भरवसा बापावर होता, प्याला टळण्यावर नव्हता. मागितलेलं मिळालं नाही की 'तुमचाच विश्वास कमी पडला' असं सांगणारी माणसं चर्चमध्ये भेटतात. त्यांचं मनावर घेऊ नका. आजारी माणसाच्या उशाशी बसून असं बोललेलं मी ऐकलंय आणि त्याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी घरचंच सांगतो. आम्ही घणसोलीला राहतो. रबाळे एमआयडीसीत एका कारखान्यात मी सतरा वर्षं फिटर होतो. एके दिवशी पहिल्या पाळीला गेलो तर गेटला कुलूप आणि कुलपाशेजारी नोटीस. पुढे चौदा महिने पक्कं काम नव्हतं. प्रार्थना रोज करायचो, पण तो नुसता तगादा होता : नोकरी दे, ग्रॅच्युइटी मिळवून दे, पोरीची फी भागव. आमेन म्हणून उठायचो तेव्हा बसताना होतो त्यापेक्षा जास्त घाबरलेला असायचो.

एका रात्री जेवायला बसलो, बायकोनं डोळे मिटून आभार मानायला सुरुवात केली आणि माझा तोल गेला. "आभार कशाचे मानतेस? काय दिलंय त्यानं आपल्याला?"

"मटकीच्या उसळीचे," ती म्हणाली. "अहो, समोरच्या मावशींनी सकाळी मोड आलेली मटकी आणून दिली वाटीभर. मी मागायला गेले नव्हते."

मी ताटाकडे पाहिलं. उसळीवर कच्चा कांदा चिरून घातला होता, कडेला लिंबाची फोड होती. इतके महिने मी त्याच ताटात जेवत होतो, पण आदल्या रात्री काय खाल्लं ते मला सांगता आलं नसतं. बायकोला मात्र रोजचा घास कुठून आला ते ठाऊक होतं. कोणत्या दुकानदारानं उधारी लिहून घेतली आणि वर चेहराही वाकडा केला नाही, हे ती देवाला नावानिशी सांगायची. कारखाना बंद पडल्याबद्दल तिनं कधीच आभार मानले नाहीत. बायबलात प्रेषित पौलानं थेस्सलनीकरांना लिहिलेल्या पत्रात 'सर्व स्थितीत' उपकारस्तुती करा असं म्हटलंय. त्यातलं 'स्थितीत' हे मला त्या रात्री कळलं. स्थिती वाईट आहे ती वाईटच म्हणायची.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तोच पौल सांगतो, कशाचीही चिंता न करता 'आभारप्रदर्शनासह' आपली मागणी देवाला कळवा. हे लिहिताना तो स्वतः कैदेत होता. आणि आभार मागणीसोबतच मानायचे आहेत, मिळाल्यावर पोच म्हणून नाही. येशूचा मित्र लाजार मेला होता, त्याच्या कबरेपाशी बघा. येशू आधी रडला. मग धोंड काढली, लाजार अजून आतच होता, आणि येशू म्हणाला, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. रडणं आणि आभार, दोन्ही एकाच कबरेपाशी. म्हणून तुमचं रडू येणं हे अविश्वासाचं लक्षण आहे असं अजिबात समजू नका.

भाषेबद्दल एक. 'हे परमपवित्र स्वर्गीय पित्या' असं सुरू केलं की माझं तरी मन पळायला लागतं. घरात बोलता तसं बोला. मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तरी अभंग सोडला नाही. ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली. आईजवळ लेकरू शब्द जुळवत बसत नाही.

मला पुढे खारघरच्या एका सोसायटीत पंप आणि लिफ्टच्या देखभालीचं काम लागलं. पगार आधीपेक्षा कमी आहे. ग्रॅच्युइटीचे पैसे अजून आलेले नाहीत, ते रोज रात्री मागतो. मागताना आता छाती धडधडत नाही, कारण त्याआधी दिवसभरातलं एखादं तरी देणं नाव घेऊन सांगून झालेलं असतं.

तुम्ही आज रात्री आधी तक्रार करा, मोठ्यानं, काही न लपवता. मग आज मिळालेली एकच गोष्ट सांगा. 'आशीर्वाद' असं मोघम नको. चहा असेल तर चहा, कुणी गाडीत बसायला जागा दिली असेल तर ती जागा. तेही ओठावर येत नसेल तर बायबलातलं स्तोत्र 13 मोठ्यानं वाचा. सहाच वचनं आहेत. 'कोठवर?' असं पुन्हापुन्हा विचारत सुरू होतं आणि गाण्यावर येऊन थांबतं. पहिल्या दोन वचनांपुढे जाववलं नाही तर तिथंच थांबा. उद्या तिसऱ्यापासून वाचा.