नोकरी लागल्यापासून मैत्रिणींसाठी वेळच उरत नाही, इतर शिक्षक कसं जमवतात?

२४व्या वर्षी शिक्षिका झालात आणि सहा महिन्यांत मैत्रिणी 'तू बदललीस' म्हणायला लागल्या, असं तुम्ही लिहिलंय. मी जव्हार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर शिक्षणसेवक आहे, म्हणजे सुरुवातीची तीन वर्षं ठरावीक मानधनावरचा शिक्षक. घर साताऱ्याकडे. पहिल्या वर्षी माझंही हेच झालं.

मलाही वाटायचं, वेळ नाही. पण शाळा साडेदहा ते पाच. पुण्यातले आयटीवाले मित्र रात्री नऊला सुटतात, म्हणजे त्यांच्यापेक्षा वेळ माझ्याकडेच जास्त. संपलेला असायचा तो घसा. तिसरी-चौथी एकाच खोलीत, एका गटाला हातच्याची वजाबाकी, दुसऱ्याला वाचन, मध्येच खिचडीची चव घेऊन नोंदवहीत सही. दिवसभरात 'सर, ह्याने मला मारलं'चे वीसेक खटले. संध्याकाळी खोलीवर आलो की आईचा फोनसुद्धा नकोसा वाटायचा. मित्र फोनवर 'बोल की' म्हणायचा, मी नुसता 'हं, हं'. त्याला वाटलं, सर झाला आणि भाव खायला लागला.

मग फार न बोलता होणारी सोबत धरली. पाड्यावरची पोरं संध्याकाळी शाळेच्याच मैदानात व्हॉलीबॉल खेळतात. एक दिवस चपला काढून उतरलो. पहिलीच सर्व्हिस जाळ्यात, आणि कडेला बसलेली माझी चौथी एका सुरात 'सर आऊऽऽट!' दीड तासात 'घे', 'सोड' याच्यापलीकडे बोलायला लागलं नाही. रात्री घसा मोकळा, मग घरी फोनही होतो.

जुन्या मित्रांसाठी महिन्यातला एक शनिवार. सकाळची शाळा सुटली की नाशिकची एसटी पकडतो, पुण्याचे दोघं तिथे येतात. हॉटेल मी ठरवणार, हे आधीच सांगून टाकलंय. २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन ६ हजारांचं १६ हजार झालं खरं, पण खोलीभाडं आणि मेस वजा जाता त्यांच्या पसंतीच्या हॉटेलात एकदाच जाता येतं. लाज एकदाच वाटली.

मतदारयादीचं काम मात्र टळत नाही. शिक्षण हक्क कायद्यातच जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना लावायची मुभा आहे, आणि विशेष मोहिमेचे दिवस बहुधा शनिवार-रविवारीच. मागची भेट त्यातच बुडाली. 'माहिती आजच सादर करावी'वाला ग्रुप मी सातनंतर म्यूट करतो; खरंच अडलं तर मुख्याध्यापक फोन करतातच. वह्यांचे गठ्ठे घरी आणणं बंद केलं. पोराला शेजारी बसवून तपासली की चूक त्याला तिथेच कळते, माझी रात्रही वाचते. मोठी पटसंख्या असेल तर रोज जमणार नाही, पण आठवड्याला गट पाडून बघा.

आणि मैत्रिणींना कारण सरळ सांगा. माझ्या मित्राला घशाचं सांगितलं तेव्हा तो हसला होता. मग दिवाळीआधी दोन दिवस इथे येऊन राहिला, वर्गात मागे बसला. साडेबाराला बाहेर गेला तो शाळा सुटल्यावरच परत आला. संध्याकाळी ओट्यावर आम्ही तासभर गप्प बसलो होतो. निघताना म्हणाला, पुढच्या वेळी बूट घेऊन येतो.