यंत्रावरचे ४ मीटर

रात्री नांगर टाकून झोपलात, पहाटे बोट भलतीकडेच, आणि आता नांगराची नवी साखळी घ्यायला निघालात. तुमचं वाचून हसू आलं, कारण हीच रात्र मी राजपुरीच्या खाडीत काढली आहे, जंजिऱ्याच्या आतल्या अंगाला. (मी शिकलेला खलाशी नाही. मित्राच्या २८ फुटी शिडाच्या बोटीवर ३ मोसम फिरलेला बडोदेकर. जाणत्या माणसाला विचारूनच काय ते करा.)

लाइफजॅकेट, दिवे वगैरे सांगत बसत नाही.

आम्ही सकाळीच पोहोचणार होतो. पण मुक्कामाचा कागद हवा म्हणून एका कार्यालयात गेलो. आधी 'साहेब जेवायला गेलेत', मग 'दोन झेरॉक्स आणा'. दुपारी कळलं, तो कागद लागतच नव्हता! कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, अजून तिथून जायचं असतं. वायव्येच्या वाऱ्यावर खाडीत शिरलो तेव्हा दिवस मावळत होता. पौर्णिमा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी.

तरी पुढची चूक माझीच. यंत्रावर खोली ४ मीटर दिसली. साखळी खोलीच्या पाचपट सोडायची हे पाठ होतं, म्हणून २० मीटर सोडली आणि खिचडी टाकली. आमचं यंत्र कीलच्या (बोटीच्या तळाला पाण्यात उतरलेल्या पात्याच्या) खालची खोली दाखवत होतं. त्यात कीलचा दीड मीटर, पाण्यापासून नाळेपर्यंतचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतचा १ मीटर आणि रात्री चढणारं उधाणाचं अडीच मीटर पाणी धरा. झाले ९, पाचपट ४५. साखळी ६० मीटर होती हो, पुढच्या कप्प्यात आरामात पडून!

मध्यरात्री भरती संपली, ओहोटी लागली, त्यात मतलई वारा सुटला. बोट फिरली आणि नांगर उपटला. दीड वाजता जाग आली. साखळीवर हात ठेवला तर आतून कुणी खरवडतंय असं हाताला लागत होतं. घाबरून इंजिन चालू केलं आणि मासेमारीच्या डोल जाळ्याची दोरी पंख्यात गुंडाळून घेतली. सकाळी एका कोळीदादांनी बुडी मारून ती कापली, त्याचे पैसे घेईनात. जाळ्याची भरपाई मात्र दिली, ती द्यायलाच हवी.

लाज याची वाटते की गुजरातेत कावी-कंबोईला भरतीत बुडणारे स्तंभेश्वर महादेव पाहुण्यांना दाखवायला मी दरवर्षी नेतो. भरती-ओहोटीवर भाषण ठोकतो. आणि नांगर टाकताना भरतीच विसरलो.

तिथीची पाऊणपट केली की कोकणात भरतीची वेळ अंदाजे येते. पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. अंदाजालाच ठीक आहे, निघताना भरतीचं कोष्टक बघाच. नांगर टाकल्यावर इंजिनावर बोट हळू मागे घेऊन तो रुतलाय का पाहा. बोट सरकली की वाजणारा मोबाइलचा अलार्म लावा, पण ती सरकली का ते कळायला किनाऱ्यावरच्या दोन खुणाही धरून ठेवा. साखळीवर दर ५ मीटरला रंगाचा पट्टा मारा. नेलपॉलिश नको, मोसमभरही टिकत नाही, घरी बोलणी बसतात ती वेगळी.

साखळी घेण्याआधी दोरीला वजन बांधून खोली मोजा. तुमचं यंत्र पाण्यापासून मोजतं की कीलपासून, ते कळवा, मग साखळीचं बघू.