नवा पीसी, आत एसएसडी, तरी चालू व्हायला एवढा वेळ का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

नवीन पीसी असेंबल केला, एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान, फिरते भाग नसलेली डिस्क) टाकली आणि तरी बटन दाबून ताटकळत बसावं लागतंय, असे बरेच प्रश्न जमलेत, म्हणून आज ते एकत्रच घेतो. आधी सगळ्यांसाठी एक गोष्ट. नुसतं "स्लो चालू होतो" यावरून काही कळत नाही, वेळ कुठे जातोय ते बघायला लागतं. मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या आणि तीन टप्पे मोजा: बटन दाबल्यापासून विंडोजचे फिरणारे ठिपके दिसेपर्यंत, ठिपक्यांपासून लॉगिन स्क्रीनपर्यंत, आणि लॉगिन केल्यापासून डेस्कटॉपवर खरंच काम करता येईपर्यंत. पहिला टप्पा मदरबोर्डचा, तिथे एसएसडीच्या स्पीडने जवळपास काहीच फरक पडत नाही. नव्या पीसीत वेळ बहुतेक करून तिथेच जात असतो आणि लोक मात्र एसएसडीला दोष देऊन पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, दोन दोन दिवस जातात त्यात.

प्रश्न: एएम५ चा (एएमडीच्या रायझन 7000 पासूनच्या प्रोसेसरचा) बोर्ड, डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम, एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी, जास्त वेगवान) एसएसडी. बटन दाबल्यावर जवळपास पाऊण मिनिट स्क्रीन काळी, मग एकदम लोगो येतो आणि पुढे विंडोज झटकन चालू होतं. एसएसडी खराब आली का?

नाही, एसएसडी एकदम व्यवस्थित आहे, तुमच्याच वर्णनात ते आलंय की विंडोज झटकन येतं. काळ्या स्क्रीनच्या वेळात मदरबोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो. डीडीआर५ चा स्पीड इतका आहे की प्रोसेसर आणि रॅममधल्या प्रत्येक सिग्नलचं टायमिंग आणि व्होल्टेज बारकाईने जुळवावं लागतं, आणि बोर्ड ते वेगवेगळे आकडे लावून, तपासून ठरवतो. पहिल्यांदा चालू करताना याला काही मिनिटंही लागू शकतात, तेव्हा घाबरून पॉवर बंद करू नका, बोर्डावर डीरॅम लिहिलेला छोटा लाईट लागला असेल तर त्याला त्याचं काम करू द्या.

पण रोज रोज हे व्हायची गरज नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' नावाचा ऑप्शन असतो, तो ऑन केला की मागच्या वेळी जुळवलेले आकडे बोर्ड जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच वापरतो. क्रम मात्र असा ठेवा: आधी बायोस लेटेस्ट करा, कारण 2022 मध्ये एएम५ आला तेव्हाच्या सुरुवातीच्या बायोसमध्ये हे प्रकरण बरंच कच्चं होतं, नंतरच्या अपडेट्सनी खूप सुधारलं. मग एक्सपो प्रोफाइल (रॅम तिच्या छापील स्पीडवर चालवणारं तयार सेटिंग) लावा, मग मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर ऑन करा आणि त्याच्या जोडीला 'पॉवर डाऊन इनेबल' पण ऑन ठेवा, हे दुसरं बंद राहिलं तर काही पीसींवर निळी स्क्रीन यायला लागते. सगळं केल्यावर एकदा मेमरी टेस्ट रात्रभर चालवा. त्यात एक जरी एरर आली तर ऑप्शन परत बंद करा आणि उशीर सहन करा, कारण पीसी लवकर चालू होतोय पण फायली खराब होतायत हा सौदा कुणालाच परवडणारा नाही.

रॅम काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, बायोस रिसेट केला किंवा अपडेट केला की ट्रेनिंग पुन्हा होणार, ते नॉर्मल आहे. रॅमच्या चार स्टिक (पट्ट्या) लावल्या असतील तर अजून वेळ लागतो, स्पीडही खाली येतो. रायझन 7000 ला एएमडीने अधिकृतपणे दोन स्टिकवर 5200 चा स्पीड (मेगाट्रान्सफर प्रति सेकंद) दिलाय आणि चार स्टिकवर फक्त 3600, यावरूनच कल्पना येईल. म्हणून नवीन घेताना दोनच मोठ्या स्टिक घ्या. इंटेलवाल्यांनी बायोसमध्ये 'एमआरसी फास्ट बूट' शोधा, काम तेच.

प्रश्न: विंडोज नव्या एनव्हीएमई वर टाकलंय, जुन्या पीसीची हार्ड डिस्क फक्त डेटासाठी लावलीय. ती लावली की बूट व्हायला खूप वेळ लागतो, आणि काढली तर पीसी चालूच होत नाही, बूट डिव्हाईस नाही म्हणतो. असं कसं?

हा नवीन पीसीतला अगदी नेहमीचा घोटाळा. विंडोज इन्स्टॉल करताना दोन्ही डिस्क लावलेल्या होत्या ना? जुन्या हार्ड डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन (पीसी चालू करायच्या फायलींचा छोटा भाग) असेल तर विंडोजचा इन्स्टॉलर पुष्कळदा बूट लोडर (विंडोज चालू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) तिथेच टाकतो आणि बाकी विंडोज तुम्ही सांगितलेल्या एसएसडीवर. म्हणजे दर वेळी सुरुवात त्या जुन्या हार्ड डिस्कवरून होते, तिची प्लेट फिरून स्पीडला येईपर्यंत बोर्ड थांबतो आणि मग एसएसडीकडे येतो. डिस्क मॅनेजमेंट उघडून 'ईएफआय सिस्टम पार्टिशन' कुठल्या डिस्कवर दिसतंय ते बघा, लगेच उलगडा होईल.

पीसी नवाच आहे, अजून फार काही इन्स्टॉल केलं नसेल, तर सरळ उपाय म्हणजे हार्ड डिस्कची केबल काढायची, एसएसडीवरची सगळी पार्टिशन उडवून विंडोज परत टाकायचं, आणि मग हार्ड डिस्क जोडायची. एसएसडीवर काही ठेवलं असेल तर आधी कॉपी करून घ्या, अर्थात. इन्स्टॉल न करता एसएसडीवर नवीन ईएफआय पार्टिशन बनवून बूट लोडर नव्याने टाकणाऱ्या बीसीडीबूट कमांडनेही हे होतं, पण पार्टिशनच्या कमांडची सवय नसेल तर त्यात चूक व्हायची शक्यता जास्त, आणि चूक झाली तर डेटा जातो, म्हणून नवख्यांना मी तो रस्ता सांगत नाही.

आणि एक, हार्ड डिस्क जुनी आहे म्हणताय तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाकून तिची तब्येत बघाच. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) दिसत असतील तर ती मरणाच्या वाटेवर आहे, खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायच्या नादात ती अख्खा पीसी अडकवून ठेवते. आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर.

प्रश्न: शटडाऊन करून चालू केला तर पटकन येतो पण रीस्टार्ट केला तर दुप्पट वेळ. उलटं असायला पाहिजे ना?

दिसायला उलटं आहे पण बरोबर आहे. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आलंय, त्यात शटडाऊन करताना तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत हायबरनेशनच्या फाईलमध्ये डिस्कवर लिहून ठेवतात, आणि चालू करताना तेच परत रॅममध्ये आणतात. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून लोड होतं. त्यामुळे ड्रायव्हर टाकल्यावर किंवा काही विचित्र वागायला लागल्यावर शटडाऊन नको, रीस्टार्टच करायचं. कधी पूर्ण बंद करायचा असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा.

लिनक्ससोबत ड्युअल बूट असेल तर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा, नाहीतर विंडोजची ड्राईव्ह अर्धवट अवस्थेत राहते आणि लिनक्समधून तिच्यावर लिहिता येत नाही.

प्रश्न: सध्या साटा (केबलने जोडायची, जुन्या प्रकारची) एसएसडी आहे, बूट टाइम कमी करायला एनव्हीएमई घेऊ का?

फक्त बूटसाठी? नको. साटाची एसएसडी सेकंदाला साधारण 550 एमबी वाचते आणि पीसीआयई 4 ची चांगली एनव्हीएमई 7000 च्या घरात जाते, पण हे आकडे एकच मोठी फाईल सलग वाचतानाचे. बूट होताना हजारो छोट्या छोट्या फायली इकडून तिकडून वाचल्या जातात आणि त्या कामात साटा सेकंदाला 30-40 एमबी देते तर चांगली एनव्हीएमई 60-90 च्या आसपास. शिवाय मध्ये ड्रायव्हर चालू होणं, सर्व्हिसेस एकमेकींसाठी थांबणं यात डिस्कचा हातच नसतो. शेवटी एक-दोन सेकंद वाचतील, क्वचित थोडे जास्त. व्हिडिओ एडिटिंग करत असाल, मोठ्या फायली हलवत असाल तर जरूर घ्या, तिथे फरक रोज जाणवेल.

प्रश्न: एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये) जाऊन प्रोसेसरची संख्या जास्तीत जास्त केली की बूट फास्ट होतो असं एका व्हिडिओत बघितलं, करू का?

करू नका. विंडोज सगळे कोअर तसेही वापरतं, तो ऑप्शन टेस्टिंगसाठी कोअर *कमी* करायला दिलेला आहे. टिक केला असेल तर काढून टाका.

प्रश्न: लॉगिन स्क्रीन लगेच येते पण पासवर्ड टाकल्यावर मिनिटभर काहीच नीट चालत नाही. पीसी घेऊन आठवडाही झाला नाही.

आठवडा झाला नाही म्हणताय तर थोडा धीर धरा, सुरुवातीच्या दिवसांत विंडोज अपडेट, सर्चचं इंडेक्सिंग, डिफेंडरचं स्कॅनिंग, क्लाउडमधल्या फायलींचं सिंक असं सगळं एकदमच मागे चालू असतं. तरीही टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप ऍप्समध्ये जाऊन बघा. नव्या पीसीत तिथे हमखास मदरबोर्ड कंपनीचं युटिलिटी, आरजीबी लाइटचं सॉफ्टवेअर (कधी कधी दोन-तीन, एक रॅमचं, एक फॅनचं, आणि ती एकमेकांत भांडतात), गेमचे लॉंचर आणि चॅटचे ऍप रांगेने बसलेले असतात. ऑडिओ ड्रायव्हर आणि अँटिव्हायरस सोडून बाकीचं डिसेबल करायला हरकत नाही, ऍप उडत नाही, फक्त आपोआप चालू होत नाही. त्याच पानावर वर 'लास्ट बायोस टाइम' लिहिलेला असतो, तो पण बघून ठेवा, मात्र बटन दाबल्यापासूनचा सगळा वेळ त्यात धरलेला असेलच असं नाही म्हणून मी स्टॉपवॉचवर जास्त भरवसा ठेवतो.

एवढ्याने भागलं नाही तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात ऍप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत जा. इव्हेंट 100 मध्ये बूटचा वेळ मिलिसेकंदात मिळतो आणि 101 ला ऍप, 102 ला ड्रायव्हर, 103 ला सर्व्हिस, म्हणजे ज्यांनी उशीर केला त्यांची नावंच. एकूण आकडा बघून दचकू नका, त्यात डेस्कटॉप दिसल्यानंतर सगळं शांत होईपर्यंतचा वेळही धरतात, 'मेन पाथ बूट टाइम' बघा, तुम्हाला जाणवणाऱ्या वेळेच्या तो जास्त जवळ असतो. हे पान फार कमी लोक उघडतात, पण अंदाजाने दहा सेटिंग बदलण्यापेक्षा पाच मिनिटं इथे घालवलेली बरी.

प्रश्न: लिनक्स आहे, उबुंटू. चालू होताना दीड मिनिट एकाच ओळीवर थांबतो, "स्टार्ट जॉब इज रनिंग" असं काहीतरी, मग पुढे जातो.

बरोब्बर दीड मिनिट ना? मग बहुतेक एफएसटॅब फाईलमध्ये (कुठली पार्टिशन जोडायची त्याच्या यादीत) अशा एखाद्या पार्टिशनची, थांबून पुढे जातोय म्हणजे बहुधा स्वॅपची (रॅम कमी पडली तर वापरायच्या जागेची), नोंद राहिलीय जे आता नाहीये, जुनी डिस्क काढली असेल किंवा पार्टिशन फॉरमॅट केल्यावर त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलला असेल. सिस्टमडी (लिनक्स चालू होताना सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) त्याची 90 सेकंद वाट बघतो. टर्मिनलमध्ये 'सिस्टमडी-अनालाइझ' द्या, फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि युजरस्पेस असा वेळ फोडून दाखवतो, आणि पुढे 'ब्लेम' जोडलंत तर कुठल्या सर्व्हिसने किती घेतला तेही. स्क्रीनवरच्या त्या ओळीत ज्या डिस्कचा उल्लेख येतो तो यूयूआयडी एफएसटॅबमध्ये शोधा. डिस्क कायमची गेली असेल तर ती ओळ काढा, अधूनमधून लावत असाल तर ऑप्शनमध्ये 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडायचं नाही) घाला. बदल करायच्या आधी फाईलची कॉपी काढून ठेवा, आणि सेव्ह केल्यावर लगेच रीस्टार्ट न करता 'माउंट' कमांडला डॅश ए जोडून चालवून बघा, एरर आली तर तिथल्या तिथे दुरुस्त करता येते.